भिंतीवरचे चालणे

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मी माझ्या नातीला तिच्या वहीतले एक वाक्य पुसायला लावले. ती चौथीत आहे आणि तिची शाळा इंग्रजी माध्यमाची आहे. बाईंनी ‘रन’ या एकाच क्रियापदाची दहा वाक्ये दिली होती. त्यांचा अर्थ आपापल्या घरच्या भाषेत लिहायचा होता आणि शेवटी ‘रन’ला पर्यायी शब्द जमतील तेवढे गोळा करायचे होते. ती दिवाणखान्यातल्या गार फरशीवर पालथी पडून, पाय हवेत हलवत लिहीत होती आणि मी शेजारी बसून मेथी निवडत होते. मुलगा शाळेकडे धावतो, कुत्रा मांजराच्या मागे धावतो, इथवर सगळे सुरळीत चालले होते. तिसरे वाक्य घड्याळाचे होते. तिने मोठ्याने म्हणत लिहिले, “घड्याळ धावत आहे.” मेथीवरची नजरही न काढता मी म्हटले, “धावत नाही गं, चालत आहे. पूस ते.” तिने निमूटपणे पुसले, रबराचा चुरा फुंकरीने उडवला आणि मान वर करून भिंतीकडे पाहत ती म्हणाली, “पण आजी, ते तर लटकलेलं आहे. चालतंय कुठे?”

मी म्हटले, “असंच म्हणतात.”

मी तेहतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवली. झाडाचे खोड तपकिरीच का रंगवायचे, असे कोणी विचारले तर त्या मुलाला मी वर्गाबाहेर नेऊन खरे खोड दाखवीत असे, आणि “असंच असतं” हे उत्तर आपण आयुष्यात कोणाला दिले नाही, असा माझा गोड समज होता. तो समज मेथीच्या जुडीपाशी मोडला. शिवाय दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलमधल्या वेळेशी ताडून पाहिले तेव्हा लक्षात आले, की बाबांचे ते चावीचे घड्याळ दिवसाला आठ-आठ मिनिटे पुढे जात होते. म्हणजे ते खरोखरच धावत होते. मी पुसायला लावलेले वाक्य भाषेच्या दृष्टीने चूक असेल, पण त्या भिंतीपुरते तरी अगदी बरोबर होते.

इंग्रजीतल्या या शब्दाचा पसारा किती आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हते. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ सालच्या वीस खंडी आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती आणि तिच्यात ४३० अर्थच्छटा होत्या. पुढे नव्या आवृत्तीचे काम सुरू झाल्यावर ‘रन’ने ‘सेट’ला मागे टाकले. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांनी या एका शब्दावर नऊ महिने घालवले आणि त्यांच्या हाती नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ लागले. नऊ महिने हा आकडा वाचून मला हसू आले, कारण आपल्याकडे तेवढ्या अवधीत एक अख्खे माणूस तयार होऊन बाहेर येते. आमच्या बडोद्यालाही शब्दाला शब्द भिडवण्याची जुनी हौस आहे. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत आणि आणखी काही भाषांतले प्रतिशब्द जमवून ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा जाडजूड कोश १९३१ साली काढवला होता. पण कारभाराचे शब्द एक वेळ जुळतात. नाक वाहण्यासारख्या घरगुती गोष्टी जुळवणे फार अवघड जाते.

नातीच्या उरलेल्या सात वाक्यांत तेच झाले. इंग्रजीत नाक धावते, नळ धावतो, आणि धुण्याच्या बादलीत कच्चा रंगही धावतो. आपल्याकडे नाक गळते, नळ वाहतो आणि रंग जातो. मी जलरंगात काम केलेली आहे, त्यामुळे ओल्या कागदावर निळ्याचा ठिपका टाकल्यावर तो कसा चारी बाजूंनी सुटतो, हे मला माहीत आहे आणि त्या क्षणापुरते इंग्रजांचे म्हणणे मला मनापासून पटते. तिकडे दुकानदार दुकान धाववतो, इकडे तो ते चालवतो. तिकडची साखरसुद्धा धावत डब्याबाहेर निघून जाते. आमच्या घरात ‘साखर संपली’ म्हणण्याची सोय नव्हती. आई “साखर वाढली” म्हणायची आणि आम्ही मुले रिकामा डबा घेऊन वाण्याकडे जायचो. निवडणुकीची गंमत तर आणखी निराळी आहे. तिच्यासाठी अमेरिकेत उमेदवार धावतो, तर इंग्लंडमध्ये तो उभा राहतो. आपण इंग्लंडकडून घेतले म्हणा किंवा आपल्या पायांचा स्वभावच तसा म्हणा, आपल्याकडचा उमेदवारही उभाच राहतो, आणि निवडून आल्यावर बहुतेक वेळा बसतो.

पर्यायी शब्दांच्या यादीसाठी मी नातीला मराठीतले शब्द उगाचच सांगू लागले. तिला ते नको होते, पण मला थांबवेना. धावणे, पळणे, दौडणे, धूम ठोकणे, पोबारा करणे, सुसाट सुटणे, चौखूर उधळणे. सांगता सांगता माझ्या ध्यानात आले, की यांतल्या पहिल्या दोन शब्दांत मी आजवर न पाहिलेली एक फट आहे. धावणे बहुधा कशाच्या तरी दिशेने असते आणि पळणे बहुधा कशापासून तरी असते. हाकेला माणूस धावून येतो, देवाचा आपण धावा करतो, पण कर्जदार पळून जातो आणि भांडणातून पळ काढला जातो. “पळत जा आणि दही घेऊन ये” असेही आपण म्हणतो, हे खरे. तरीही ‘पळून आला’ आणि ‘धावून आला’ यांतल्या कोणाला पाणी द्यायचे आणि कोणाकडे संशयाने पाहायचे, हे मराठी माणसाला कोशात बघावे लागत नाही.

बाबा रेल्वेत होते, प्रतापनगरच्या कचेरीत, छोट्या गाडीच्या विभागात. त्यामुळे आमच्या घरात गाडी हा विषय रोजचा होता, आणि बाबांच्या तोंडी गाडी नेहमी ‘चालत’ असे. “चांदोदची आज वेळेवर चालली,” असे ते जेवताना सांगत. बडोद्याच्या स्टेशनवर अजूनही गुजराती आणि हिंदी घोषणेत उशीर झालेली गाडी चालतच असते, इंग्रजी घोषणेत तेवढी ती धावते. पण तीच गाडी उंबरगावची हद्द ओलांडून महाराष्ट्रात शिरली, की मराठी घोषणा सुरू होते आणि ती ‘दोन तास उशिराने धावत आहे’ असे कानावर येते. पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा मी बोरिवलीच्या फलाटावर सामानावर बसून होते, आणि दोन तास उशिरा येणाऱ्या गाडीला धावणारी म्हणणे हा प्रवाशांच्या जखमेवर मीठ चोळण्याचा प्रकार आहे, असे मला वाटले होते. हे धावणे इंग्रजीतून भाषांतर होऊन वर्तमानपत्रांत आणि तिथून भोंग्यात आले असावे, हा माझा तर्क. बाबांना विचारले असते तर त्यांनी डभोईची गोष्ट सांगितली असती. खंडेराव महाराजांच्या काळात, १८६२ साली, डभोई ते मियागाम अशी अडीच फुटी रुळांची जी पहिली छोटी गाडी सुरू झाली, तिला सुरुवातीला इंजिन नव्हते, बैल जोडलेले असत. ती गाडी अगदी शब्दशः चालत होती. आणि आमच्या लहानपणी, इंजिन लागून कित्येक दशके उलटल्यावरही, तिने बैलांचा मान राखलेला होता. चांदोदला जाताना खिडकीतून हात बाहेर काढला की कडेच्या झुडपांची पाने हाताला लागत, कोळशाची कुसे डोळ्यांत जात आणि वळणावर मागच्या डब्यातला ओळखीचा माणूस पुढच्या डब्यातल्याशी सावकाश गप्पा मारू शके. आता तिथे रुंद रूळ पडले आहेत आणि गाडी चांगली वेगात जाते. तिला धावते म्हणायला माझी हरकत नाही.

अर्थात, इंग्रजी भाषा सारखी घाईत आणि आपली संथ, असे काही मला म्हणायचे नाही. तसे म्हणणे सोपे आहे आणि आपल्याला सुखावणारेही आहे. एक-दोन शब्दांनी मला त्या वाटेवर बरेच लांब नेलेही होते. पैशाला आपण ‘चलन’ म्हणतो, म्हणजे जे चालते ते. इंग्रजीतल्या ‘करन्सी’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ धावणे असा आहे. त्याच धातूपासून ‘करिक्युलम’ आला आणि त्याचा मूळ अर्थ शर्यत किंवा शर्यतीचे मैदान. त्याला आपला प्रतिशब्द ‘अभ्यासक्रम’, आणि संस्कृतातल्या ‘क्रम्’ या धातूचा अर्थ पाऊल टाकणे. हे कळले त्या दिवशी मी नातीचे वजनदार दप्तर उचलून पाहिले आणि ही पोर शर्यतीला निघाली आहे की पावले टाकते आहे, याचा थोडा वेळ उदास होऊन विचार केला. मग माझीच मला शरम वाटली. कारण धाव आपल्याही भाषेत ठायी ठायी आहे. बैलगाडीच्या चाकावर चढवलेल्या लोखंडी पट्ट्याला धाव म्हणतात, मोटेचे बैल ज्या उतारावरून जात तीही धाव, आणि आईने मला शिवणाचा पहिला टाका शिकवला तो धावदोरा. त्या धावदोऱ्यात मी इतकी रेंगाळत असे, की आई म्हणायची, “हा तुझा बसदोरा झाला.”

क्रिकेटमधल्या धावा तर आमच्या गावाच्या अंगात भिनलेल्या आहेत. आजोबा १९४७ सालच्या मार्च महिन्यातल्या रणजी अंतिम सामन्याला हजर होते. समोर होळकरांचा संघ होता. विजय हजारे आणि गुल महंमद यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी केली. हजाऱ्यांच्या २८८ आणि गुल महंमदच्या ३१९. आजोबा हे आकडे परवचा म्हणावा तसे म्हणत आणि प्रत्येक वेळी शेवटी सांगत, की चेंडू सीमेपार गेला की दोघे जागचे हलत नसत, नुसते एकमेकांकडे बघत. न धावता चार धावा मिळतात, हे मला लहानपणी कोडे वाटे. आज वाटते, की चालता न येणाऱ्या घड्याळाच्या चालण्याहून ते काही मोठे कोडे नाही.

या सगळ्या शब्दांच्या गर्दीत मी ज्या शब्दाला बगल देत होते, तो ‘चालत नाही’ हा आहे. दुकान चालत नाही किंवा पंखा चालत नाही, त्यातला नव्हे. उपासाला साबुदाणा चालतो, भगर चालते, पोळी चालत नाही, तिथून हा शब्द सुरू होतो आणि केव्हा माणसांवर येऊन बसतो ते कळत नाही. चातुर्मासात कांदा चालत नाही. चार दिवस देवघरात गेलेले चालत नाही. त्यांना परजातीची सून चालली, आमच्याकडे नाही चालणार. या वाक्यांतले मनाई करणारे माणूस शोधू गेले तर सापडत नाही. कोणी बंदी घातलेली नसते, कोणी रागावलेले नसते, फक्त एक गोष्ट ‘चालत नाही’, जशी बिघडलेली शिलाई मशीन चालत नाही. त्या वाक्याशी भांडायचे तरी कोणाशी? माझ्या लहानपणीच्या घरात आवाज चढवून कोणी काही नाकारल्याचे मला आठवत नाही. या एका क्रियापदाने ते काम बिनबोभाट केले.

१९७९ साली मला फाइन आर्ट्सला जायचे होते. गावातच, सयाजीराव विद्यापीठात, घरापासून सायकलवर वीस मिनिटांवर. सुट्टीत आत्या आलेली होती. तिथे माणसांना समोर बसवून चित्रे काढतात हे तिने कोठून तरी ऐकले होते, कसली माणसे आणि कसे कपडे हेही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून लसूण सोलता सोलता ती शांतपणे म्हणाली, “आपल्याकडे हे चालत नाही गं.” मी काहीच बोलले नाही. आई कढीतला डाव उगाच फिरवत राहिली. रविवार होता. बाबा स्टुलावर चढून घड्याळाला चावी देत होते. त्यांची पाठ आमच्याकडे होती. आठ दिवसांची चावी असल्याने ती बराच वेळ द्यावी लागे, आणि शेवटी शेवटी बोटांना जोर लागून कर्र-कर्र असा आवाज येई. तो आवाज थांबला. काचेचे दार लावल्याचा टक् असा आवाज आला. मग तसेच पाठमोरे ते म्हणाले, “मला चालेल.”

एवढेच. आत्याने पुढची पाकळी उचलली.

त्या ‘मला’वर मी पुष्कळ वर्षे विचार केला आहे. बिनमाणसाच्या त्या वाक्यात बाबा स्वतः जाऊन उभे राहिले होते. एरवी ते अशा ठामपणाबद्दल मुळीच प्रसिद्ध नव्हते. बडोद्याची हवाच तशी आहे. इथे गुजराती शेजारी ‘चालशे’ आणि ‘फावशे’ यांवर सगळा संसार रेटतात, आणि त्यांच्या सहवासाने आमच्या मराठीतही “मला त्या वेळेला फावणार नाही” असे सर्रास येते. त्यावर पुण्याचे पाहुणे आधी गोंधळतात आणि मग हसतात. कचेरीतल्या गुजराती सहकाऱ्यांकडून बाबांनी एक सवय उचलली होती. तिथे कोणी “चालशे?” विचारले की समोरचा खुशीत असला तर “दोडशे!” म्हणतो. बाबांनी त्याचे मराठी करून घेतले. उरलेल्या भाताची फोडणी चालेल का, जुनाच सदरा चालेल का, असे काहीही विचारले की ते म्हणत, “चालेल काय, पळेल!” आईला या उत्तराचा शेवटी शेवटी कंटाळा आला होता. मला वाटते, लग्नाआधी पाहायला गेले तेव्हाही त्यांनी आपल्या आईला हेच सांगितले असेल.

शेवटच्या वर्षी ते मोरीत पाय घसरून पडले आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण पाय पूर्वीसारखा टेकेना. पलंगाशेजारी अॅल्युमिनियमचा वॉकर आला. त्या काळात जो भेटायला येई तो दारातूनच विचारी, “काय, कसं चाललंय?” मराठीत याखेरीज दुसरे काय विचारणार? मला त्या प्रश्नाने दर वेळी चरचरत असे, आणि बाबा मात्र दर वेळी वॉकरकडे एकदा पाहून म्हणत, “चाललंय.” एका दुपारी माझ्या हातून त्यांचा चहा अगदी पातळ झाला. पुन्हा करायचा मला कंटाळा आला होता, हे कबूल केले पाहिजे. मी कप पुढे करून विचारले, “पातळ झालाय थोडा. चालेल?” त्यांना नीट उठूनही बसता येत नव्हते. “पळेल,” ते म्हणाले, आणि बशीत ओतून सगळा प्यायले.

घड्याळ मी अखेर मांडवीकडच्या एका जुन्या कारागिराकडे नेले. टेबलावर हिरवे कापड, त्यावर पितळेची चाके बशीत मांडलेली, तेलाचा आणि अगरबत्तीचा मिळून एक वास. त्याने डोळ्याला भिंग लावले, बराच वेळ आत पाहिले, कान लावून ऐकले आणि म्हणाला, “बेन, चाले छे तो सरस, पण दोडे छे.” चालते छान, पण धावते. मी एवढी हसले की तो भिंग काढून माझ्याकडे बघायला लागला. लंबकाच्या गोळ्याखाली एक बारीक नट असतो. तो वर चढवला की लंबक आखूड होतो आणि घड्याळ पुढे पळते, खाली उतरवला की लंबक लांबतो आणि घड्याळ सावकाश होते. उन्हाळ्यात उष्णतेने दांडी केसभर वाढते म्हणून घड्याळ मागे पडते आणि थंडीत आखडते म्हणून पुढे जाते, हेही त्याने सांगितले. पण दिवसाला आठ मिनिटांची गडबड काही ऋतूची नव्हे, कोणीतरी नट फिरवला आहे, असे त्याचे म्हणणे पडले. दिवाळीच्या साफसफाईत फडक्याने पुसताना तो मीच फिरवला असणार. त्याने पाच-सहा आटे खाली घेतले. पैसे किती विचारले तर “तुम्हाला फावेल ते,” असे चक्क मराठीत म्हणाला.

घरी आणून घड्याळ जागेवर लावले आणि दोन दिवस ताडून पाहिले. मग एका संध्याकाळी नातीला बोलावून सांगितले, की तुझे ते वाक्य बरोबर होते, घड्याळ तेव्हा खरोखरच धावत होते, मी उगाच पुसायला लावले. ती विचारात पडली. “कोणतं वाक्य?” तिने विचारले. गृहपाठाला केव्हाच बरोबरची खूण मिळाली होती आणि आता ‘टेक’ची वाक्ये चालली होती. तरी माझ्या समाधानासाठी ती स्टुलावर चढली, घड्याळाच्या लाकडी पेटीला गाल टेकवून तिने थोडा वेळ ऐकले आणि विचारले, “आता नाही ना धावत?”

“आता नाही.”

ती खाली उतरली. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बेसनाच्या लाडवांचे ताट झाकून ठेवलेले होते आणि एक लाडू तिला आधीच मिळालेला होता. “आजी, अजून एक घेतला तर चालेल?”

“पळेल,” मी म्हणाले. ताटावरचे झाकण तोवर वाजलेही होते.